केव्ह डायव्हिंग शिकायचंय? आधी श्वासाचा हिशेब

तारकर्लीला स्कूबा झालं, ॲडव्हान्स्डचं कार्डही हातात आलं, आता मेक्सिकोत जाऊन केव्ह डायव्हिंग, म्हणजे पाण्यानं भरलेल्या गुहांत डायव्हिंग, करायचंय, असं म्हणणारी मंडळी अधूनमधून भेटतात. त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "आत काही झालं तर शांत कसं राहायचं?" मी मेक्सिकोतल्या तुलुमजवळच्या सेनोटेंमध्ये, म्हणजे चुनखडीच्या जमिनीत खचून झालेल्या पाणीभरल्या खड्ड्यांमध्ये आणि त्यांच्या गुहांमध्ये शिकले. माझं उत्तर जरा रुक्ष आहे. आत गेल्यावर शांतपणा सुचत नाही, तो बाहेरच घोटून घ्यावा लागतो.

समुद्रात गडबड झाली तर निदान वर तरी येता येतं. गुहेत वर खडक. आलात त्याच वाटेनं परतायचं, आणि ती वाट दाखवते ती मोकळ्या पाण्यापासून आत बांधत नेलेली दोरी, म्हणजे गाइडलाइन.

आमच्या प्रशिक्षकानं पहिल्या दिवशी पाण्यात उतरूच दिलं नाही. झाडांच्या बुंध्यांना दोरी गुंडाळली, मास्कवर काळा कपडा चढवला आणि म्हणाला, बाहेर पडा. अंगठा आणि तर्जनीची कडी करून दोरी तिच्यात धरायची, दुसरा हात पुढच्याच्या दंडावर. दंड पुढे ढकलला की चल, दाबला की थांब. दोरीवरच्या प्लास्टिकच्या बाणाचं टोक जवळच्या बाहेरच्या वाटेकडे असतं, ते बोटांनी चाचपून ओळखायचं. येणारे-जाणारे पर्यटक हसत होते, हसोत बापडे. पायातल्या फिनच्या एका चुकीच्या फटक्यानं तळाचा गाळ उठला की पाण्यातही हेच होतं: टॉर्च चालू, दिसत काही नाही.

आता हिशेब. 12 लिटरची दोन सिलेंडरं, 200 बार दाबानं भरलेली, म्हणजे 4800 लिटर हवा. नियम तृतीयांशाचा: 1600 लिटर आत जायला, 1600 परतायला, उरलेली 1600 अडचणीसाठी, आणि त्या अडचणीत बडीचा, म्हणजे डायव्हमधल्या जोडीदाराचा, वाटाही आला. 20 मीटर खोलीवर दाब तिप्पट, म्हणून पृष्ठभागावर मिनिटाला 20 लिटर लागणाऱ्याला तिथे 60 लागतात. म्हणजे साधारण 26 मिनिटं आत. आता परतताना तुम्ही घाबरलात आणि श्वास तिप्पट झाला, असं धरा. मिनिटाला 180 लिटर. राखीव धरून हाताशी असलेले 3200 लिटर 18 मिनिटांत संपतात, वाट 26 मिनिटांची!

शिवाय भराभर, उथळ धापा टाकल्या की कार्बन डायऑक्साइड नीट बाहेर पडत नाही. तो साचला की गुदमरल्यासारखं होतं आणि भीती आणखी वाढते. म्हणून काहीही बिघडलं तरी आधी हालचाल थांबवायची आणि सावकाश, पूर्ण श्वास सोडायचा. घ्यायचं नंतर बघू.

दोरी हातून सुटली तरी हेच. शोधायला पोहत सुटायचं नाही. जवळच्या खडकाला खिशातल्या स्पूलची (छोट्या रिळाची) दोरी बांधायची, मग ती सोडत एकेका दिशेला शोधायचं. सापडली नाही तर निदान सुरुवातीच्या जागी परत येता येतं. टॉर्च गेली तर दुसरी, तीही गेली तर तिसरी. तीन हव्यातच, यावर घासाघीस नको.

एप्रिल 2017 मध्ये स्पेनच्या मायोर्का बेटावरच्या सा पिकेता गुहेत शिस्को ग्रासिया हे डायव्हर आणि त्यांचा जोडीदार दोरी हरवून, गाळात अडकले. दोघं हवेच्या एका पोकळीत पोचले, पण सिलेंडरांतली हवा एकालाच बाहेर पडायला पुरेल एवढी. जोडीदार मदत आणायला गेला. ग्रासिया जवळपास 60 तास तिथेच थांबले, टॉर्च बरीचशी बंद ठेवून, पोकळीतल्या पाण्याचा वरचा गोडा थर पिऊन. पोकळीतल्या हवेत कार्बन डायऑक्साइड सुमारे 5 टक्के होता. डोकं दुखत होतं, भास होत होते, तरी माणूस जिवंत बाहेर आला.

कोर्स आधी कॅव्हर्नचा (गुहेचा तोंडाजवळचा, उजेड पोचणारा भाग), मग इंट्रो, मग फुल केव्ह, हाच क्रम ठेवा. अंगठा वर केला की डायव्ह संपली. कुणीही, कधीही, कारण न देता संपवू शकतो. त्यावर तोंड वाकडं करणाऱ्या बडीसोबत जाऊ नका. आणि कोर्सचे पैसे भरण्याआधी तुलुमजवळच्या दोस ओहोस या सेनोटेत गाइडबरोबर एक कॅव्हर्न डायव्ह करा, तिथे सूर्यप्रकाश दिसत राहतो. तेवढ्यातही डोक्यावरचं छत खुपलं, तर कोसुमेल बेट जवळच आहे, प्रवाळ बघून या.