बाहेरचा चार्जर घेताय? आधी ‘आउटपुट’ची ओळ वाचा

साताऱ्यात एसटी स्टँडजवळ माझं मोबाईल रिपेअरिंगचं दुकान आहे. काउंटरवर रोज कुणीतरी विचारतंच, “कंपनीच्या चार्जरपेक्षा बाहेरचा लावला तर फोन लवकर चार्ज होतो का?” काही फोन होतात, अगदी दुपटी-तिपटीने. काही उलट रेंगाळतात. तुमचा फोन कुठल्या गटातला, हे पैसे देण्याआधी घरीच कळू शकतं.

मे महिन्यात एक शिक्षिका आयफोन ११ घेऊन आल्या. “दादा, बॅटरी बदलून द्या, चार्ज व्हायला तीन-साडेतीन तास लागतात.” बॅटरी तर ठीक होती. चार्जर मागितला, तर पर्समधून तो छोटा पांढरा अडॅप्टर निघाला. २०१९ साली हा फोन आला तेव्हा बॉक्समध्ये हाच मिळायचा: ५ व्होल्ट, १ अँपिअर, म्हणजे ५ वॅट. फोनची तयारी मात्र १८ वॅटच्या पुढची. चार्जर आणि फोन यांच्या मधोमध माझा व्होल्ट-अँपिअर दाखवणारा मीटर लावून अर्धा तास ठेवला, ८ टक्क्यांवरून २५ वर गेला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेवढाच उतरवून माझ्याकडचा २० वॅटचा पीडी (पॉवर डिलिव्हरी, सी-टाईपवरून फास्ट चार्जिंगची पद्धत) चार्जर लावला. मीटरवर ५ चे ९ व्होल्ट झाले आणि अर्ध्या तासात फोन ५७ वर. मॅडमचे बॅटरीचे पैसे वाचले.

हे आकडे का बदलतात? वायर जोडली की फोन आणि चार्जर आधी एकमेकांशी बोलून घेतात. किती व्होल्ट, किती अँपिअर हे ठरतं, मग फोन मागेल तेवढीच वीज चार्जर देतो. म्हणून लॅपटॉपचा ६५ वॅटचा चांगला सी-टाईप चार्जर लावला तरी फोन जळत नाही. पण दोघांची भाषा जुळली नाही, तर मोठा चार्जरही साध्या ५ व्होल्टवर येऊन बसतो.

तेव्हा आधी जुन्या चार्जरवरची बारीक अक्षरं वाचा. मोबाईलने फोटो काढून मोठा केला की दिसतात. ‘आउटपुट’पुढच्या व्होल्टला अँपिअरने गुणलं की वॅट. मग फोन जास्तीत जास्त किती वॅट घेतो ते कंपनीच्या साईटवर बघा. दोन्ही आकडे सारखे असतील तर बाहेरचा घेऊन वेग वाढणार नाही, पैसे वाचवा.

फरक असेल तर भाषा बघा. आयफोनला पीडी लागतं. सॅमसंगच्या २५ वॅटवाल्या फोनला पीडीमधलंच पीपीएस (व्होल्ट थोडे थोडे कमी-जास्त करणारा प्रकार) लागतं; नुसता पीडी लावलात तर स्क्रीनवर ‘सुपर फास्ट’ऐवजी साधं ‘फास्ट’ येईल. पीपीएस असेल तर आउटपुटमध्ये ‘३.३ ते ११ व्होल्ट’ असा पल्ला छापलेला असतो. वनप्लस, ओप्पो, रिअलमीचं सुपरवूक ही वेगळीच भाषा. तिथे ८० वॅटचा फोन असेल तर बॉक्समधला चार्जर जपून ठेवा, हरवला तर तसाच घ्या. बाहेरचा महागडा पीडीही त्याची बरोबरी करत नाही.

घोडं अडतं ते बहुतेक वेळा वायरीपाशी. मॅडमकडची जुनी वायर चपट्या मोठ्या यूएसबी पिनची होती, ती पीडी चार्जरमध्ये बसतच नाही. सी-टाईप ते लाइटनिंग (त्या आयफोनची पिन) अशी वेगळी वायर घ्यावी लागली. साधी सी-टू-सी वायर ३ अँपिअरपर्यंत चालते. सॅमसंगच्या ४५ वॅटला ५ अँपिअरची लागते. आणि दोन पोर्टचा चार्जर घेणार असाल तर दोन्ही फोन लावल्यावर वॅटची वाटणी कशी होते, ते खोक्यावर वाचा.

आता माझ्या काळजीची गोष्ट. फुटपाथवर दीडशे रुपयांत ‘६५ वॅट’ लिहिलेले चार्जर मिळतात. असा एक मी खोलला. खालच्या ओळीत छापलं होतं ५ व्होल्ट, २.४ अँपिअर. म्हणजे १२ वॅट! ते एक वेळ सोडा. आत २३० व्होल्टची बाजू आणि फोनकडे जाणारी बाजू यांच्या डाखांमध्ये आगकाडीएवढीही जागा नव्हती. ओल्या हाताने फोन उचलणाऱ्या पोराच्या जिवाशी हा खेळ आहे. चार्जरवर बीआयएसचं (भारतीय मानक ब्युरो) चिन्ह आणि ‘आर’ने सुरू होणारा नंबर असलाच पाहिजे. ‘बीआयएस केअर’ ॲपमध्ये तो नंबर टाका. नाव, वस्तू जुळली नाही तर दुकानातच परत करा, मग दुकान माझं का असेना.

घरी आणल्यावर फोन २० टक्क्यांच्या आसपास असताना, कव्हर काढून तपासा. ८० च्या पुढे सगळेच फोन वेग कमी करतात आणि तापलेला फोनही कमीच घेतो, त्या वेळी चार्जरला दोष देऊ नका. अर्धा तास जुना, दुसऱ्या दिवशी अर्धा तास नवा. टक्के कागदावर लिहा आणि बिल तोवर जपून ठेवा.