तेल बदललं की साबण का बदलतो: मेदाम्लांचा हिशेब

साबणाच्या कृतीत एका तेलाच्या जागी दुसरं घालायचं असेल, तर दोन गोष्टी बघा: त्यात कोणती मेदाम्लं (फॅटी ॲसिड, तेलाचे मुख्य घटक) किती आहेत आणि त्याला कॉस्टिक सोडा (सोडियम हायड्रॉक्साइड, पुढे नुसता ‘सोडा’) किती लागतो. वडी कडक होईल का, फेस कसा येईल, साबण किती टिकेल, हे मेदाम्लांवर ठरतं.

खोबरेल तेलात सुमारे ४८ टक्के लॉरिक आणि १९ टक्के मिरिस्टिक आम्ल असतं. त्यांच्यामुळे वडी कडक होते आणि मोठ्या बुडबुड्यांचा भरपूर फेस येतो. पण त्वचेवरचा तेलकटपणाही हीच आम्लं जास्त ओढून घेतात. अंघोळीच्या साबणात खोबरेल एकूण तेलाच्या २० ते ३० टक्के ठेवावं.

पाम तेलातलं पामिटिक (सुमारे ४४ टक्के) आणि शिआ बटरमधलं स्टिअरिक (साधारण ४० टक्के) वडीला टणकपणा देतात. फेस बारीक आणि टिकाऊ येतो, वडी पाण्यात लवकर झिजत नाही.

ऑलिव्ह तेलात साधारण ७० टक्के ओलेइक असतं. साबण सौम्य होतो, पण मऊपणा जायला वेळ लागतो. नुसत्या ऑलिव्हचा साबण कोवळा असताना बुळबुळीत लागतो. त्याला सहा महिने द्यावेत. एरंडेलात सुमारे ९० टक्के रिसिनोलेइक असतं, ते बाकीच्या तेलांचा फेस धरून ठेवतं. त्याचं प्रमाण ५ ते ८ टक्के पुरे. फार वाढवलं तर वडी चिकट होते.

सर्वात जास्त फसवतं ते लिनोलेइक. साध्या सूर्यफूल तेलात ते ६० टक्क्यांच्या आसपास असतं. त्याला आणि ऑलिव्हला सोडा जवळपास सारखाच लागतो, म्हणून अदलाबदल बिनधोक वाटते. साबण जमतोही. पण लिनोलेइकचं ऑक्सिडेशन चटकन होतं आणि काही महिन्यांत वडीवर नारिंगी डाग, खवट वास येतो. संपूर्ण मिश्रणात ते १५ टक्क्यांच्या आत ठेवा. ‘हाय ओलेइक’ लिहिलेलं सूर्यफूल तेल मात्र चालतं, कारण त्याची मेदाम्लं ऑलिव्हच्या जवळची असतात.

आता ५०० ग्रॅम तेलाचा हिशेब. एक ग्रॅम तेलाला लागणारा सोडा असा: ऑलिव्ह ०.१३४, खोबरेल ०.१८३, पाम ०.१४१, एरंडेल ०.१२८ ग्रॅम.

ऑलिव्ह २५० ग्रॅम: ३३.५
खोबरेल १२५ ग्रॅम: २२.९
पाम १०० ग्रॅम: १४.१
एरंडेल २५ ग्रॅम: ३.२

बेरीज ७३.७ ग्रॅम. यातून ५ टक्के वजा करा, म्हणजे थोडं तेल साबण न होता शिल्लक राहतं: सोडा ७० ग्रॅम, पाणी १४० ग्रॅम. याच कृतीत खोबरेलाऐवजी तेवढंच ऑलिव्ह घातलं, तर गरज ६७.६ ग्रॅमवर येते. तुमचा सोडा ७० ग्रॅमच राहिला, तर जवळजवळ अडीच ग्रॅम मोकळा सोडा वडीत उरून त्वचा जाळेल. खोबरेलाचे रेणू लहान असतात, एका ग्रॅममध्ये ते जास्त मावतात, म्हणून त्याला सोडा जास्त लागतो. तेल बदललं की हिशेब नव्याने करायचाच, आणि सगळं वजनावर मोजायचं, कपाने नाही.

हातमोजे आणि चष्मा घालून सोडा पाण्यात टाका. सोड्यावर पाणी कधीही ओतू नका, ते उसळतं. ॲल्युमिनियमचं भांडं नको, सोडा ते खातो आणि हायड्रोजन वायू सुटतो. द्रावण आणि वितळलेली तेलं ४० अंशांच्या आसपास आली की एकत्र घुसळा. पृष्ठभागावर ओघळाची रेघ उमटून राहिली की साच्यात ओता.

पाम किंवा शिआ जास्त असताना मिश्रण फार थंड झालं, तर ती चरबी नुसती गोठते आणि दाटपणा आल्याचा भास होतो. तसंच ओतलं तर साबण खाली-वर वेगळा होऊ शकतो. अशा वेळी हलकं गरम करून पुन्हा घुसळा.

आवडतं महागडं तेल शेवटी घातलं तर तेच न बदलता शिल्लक राहील, ही समजूत थंड पद्धतीत, म्हणजे वरच्यासारख्या न शिजवता केलेल्या साबणात, खरी नाही. मिश्रण दाटतं तेव्हा बराचसा सोडा अजून मोकळाच असतो आणि तो त्या तेलाशीही जुळतो. ते तेल सुरुवातीलाच घाला आणि वड्या कापून चार ते सहा आठवडे हवेशीर जागी वाळवा.