टॉर्शन बारचा जाम झालेला ॲडजस्टर बोल्ट कसा सोडवायचा

जुन्या टोयोटा हायलक्ससारख्या पिकअपमध्ये पुढच्या बाजूला कॉइल स्प्रिंगऐवजी लांब टॉर्शन बार, म्हणजे पिळून स्प्रिंगचं काम करणारा पोलादी दांडा असतो. बारचं एक टोक सस्पेन्शन आर्मला आणि दुसरं क्रॉसमेंबरजवळच्या अँकर आर्मला जोडलेलं असतं. अँकर आर्मचा ॲडजस्टर बोल्ट आवळला की गाडीचं नाक उचलतं, सैल केला की बसतं. हा बोल्ट थेट चिखलपाण्यात उघडा असतो. कोकणपट्टीतल्या खाऱ्या हवेत आणि पावसाळ्यात तर तो हमखास पकडतो, कारण गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो आणि आटे आतून ठासले जातात.

आधी मोजमाप घ्या. सपाट जागा, रिकामी गाडी, टायरमध्ये नेमकी हवा. दोन्ही बाजूंना चाकाच्या मध्यापासून फेंडरच्या कडेपर्यंतची उंची लिहून ठेवा. बोल्टाचे किती आटे बाहेर दिसतात तेही मोजा, म्हणजे गोंधळ झाला तर मूळ जागेवर परतता येतं.

आता आट्यांवरचा भार कमी करायचा. गाडी चासीखाली जॅक लावून उचला, भक्कम स्टँडवर ठेवा आणि पुढची चाकं लोंबकळू द्या. मागच्या चाकांपुढे-मागे ठोकळे लावा. चाकं जमिनीवर असताना बोल्ट फिरवला तर गाडीचं वजन आट्यांवर येतं आणि गंजलेले आटे सोलून निघतात. चाकं लोंबकळत असली तरी बारमध्ये थोडा पीळ उरतोच. म्हणून टॉर्शन बारचा पुलर (अँकर आर्म दाबून धरणारं अवजार) लावल्याशिवाय बोल्ट पूर्ण काढू नका. अँकर आर्म सुटला तर हात मोडण्याइतक्या जोराने उसळतो.

उघडे आटे वायर ब्रशने धातू चमकेपर्यंत घासा. ही पायरी बरेच जण गाळतात आणि मग बोल्टावरचा नट त्याच कचऱ्यावर अडतो. त्यानंतर गंज सोडवणारं पेनिट्रेटिंग तेल नटाच्या दोन्ही बाजूंनी मारा. आदल्या संध्याकाळी एकदा, रात्री एकदा, सकाळी पुन्हा. प्रत्येक वेळी नटाच्या बाजूंवर हातोडीचे हलके ठोके द्या. हादऱ्याने गंजाला चिरा पडतात आणि तेल आत शिरतं. बोल्टाच्या टोकावर मात्र ठोकू नका, आटे दबतील.

चेकनट (मुख्य नट हलू नये म्हणून लावलेला दुसरा नट) असेल तर तो आधी मोकळा करा. मग सहा कोनी गोटी (सॉकेट) आणि ती फिरवायला लांब टॉमी (दांडा) लावा. बारा कोनी गोटी गंजलेल्या नटाचे कोपरे खाते. पहिला प्रयत्न सैल करण्याचा नको, अगदी थोडा आवळण्याचा करा. ‘कट’ असा आवाज आला की गंजाची पकड तुटली. त्यानंतर पाव फेरा मागे, थोडं तेल, पुन्हा पुढे. जड वाटताच मागे या. आटे साफ होत गेले की फेरे मोठे करा.

टॉमी फिरतेय पण लवचीक वाटतेय, आवाज नाही आणि नट जागचा हलत नाही, तर लगेच थांबा. बोल्ट पिळतो आहे; आणखी जोर लावला की तुटणार.

अशा वेळी उष्णता उपयोगी पडते, पण ती फक्त नटावर. नट फुगला की पकड सुटते. टॉर्शन बार आणि अँकर आर्म यांना गॅसची ज्योत लागू देऊ नका. बार स्प्रिंगच्या पोलादाचा असतो. त्याचं टेम्पर (उष्णतेने दिलेला कणखरपणा) गेलं की तो बसतो किंवा पुढे कधी तरी तुटतो. जवळच्या रबरी बुश, ब्रेक पाइप आणि डिझेल लाइन ओल्या जाड कापडाने झाका. आधी मारलेलं तेल पुसून घ्या, अग्निशामक हाताशी ठेवा. ब्रेक क्लीनर मारलेल्या जागेवर ज्योत चालवूच नका. क्लोरीन असलेल्या क्लीनरमधून विषारी वायू निघतो. जागा अरुंद असेल तर ज्योतीशिवाय विजेने नट तापवणारा इंडक्शन हीटर हाच चांगला पर्याय. तापवलेला नट आणि बोल्ट पुन्हा वापरू नका, त्याच ग्रेडचे, लांबीचे आणि आट्यांचे नवे बसवा.

बोल्ट तुटलाच तर पुलरने बारचा पीळ काढूनच उरलेला तुकडा काढा. अँकर आर्मचे आटे खराब असतील तर आर्म बदला. तिथे वेल्डिंग नको.

नव्या आट्यांना अँटी-सीझ (आटे जाम होऊ न देणारा लेप) किंवा कॉपर ग्रीस लावा. मॅन्युअलमधला टॉर्क (आवळण्याचा जोर) कोरड्या आट्यांचा असेल, तर ग्रीस लावलेल्या बोल्टाला तो पूर्ण देऊ नका, बोल्ट जास्त ताणला जातो. दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा फेरा द्या, गाडी खाली उतरवा, थोडी पुढे-मागे फिरवा, नाक दाबून सोडा आणि मगच पुन्हा मोजा. स्टँडवरून नुकतीच उतरवलेली गाडी खोटी उंची दाखवते.

उंचीचा मोह आवरा. बोल्ट आवळल्याने बार कडक होत नाही, फक्त चाकाचा खाली जाण्याचा प्रवास कमी होतो. सस्पेन्शन आर्म खाली जाताना अडवणाऱ्या रबरी स्टॉपला टेकायला लागला तर प्रत्येक खड्ड्यात धडधड येईल आणि फोर बाय फोर गाडीत ॲक्सलचे जॉइंट लवकर जातील. काम झाल्यावर व्हील अलाइनमेंट करून घ्या आणि हेडलाइटचा कोनही तपासा.