अंगात अ‍ॅक्रिलामाइड किती गेलं? रक्त की लघवी, हे आधी ठरवा

अ‍ॅक्रिलामाइड या मज्जातंतूंना इजा करणाऱ्या रसायनाचं काम चालतं तिथे नुसती हवा मोजून थांबू नका. हा पदार्थ पाण्यात सहज विरघळतो आणि कातडीतून आत शिरतो. हवेचा अहवाल स्वच्छ आणि कामगाराच्या पायांना मात्र मुंग्या, असं होऊ शकतं. म्हणून मी माणसाचाच नमुना घ्यायला सांगते.

तुम्हाला कधीचं कळायला हवंय? कालपरवाचं हवं असेल तर लघवी. शरीर अ‍ॅक्रिलामाइडला ग्लुटाथायोन (विषारी पदार्थ निकामी करणारं शरीरातलंच द्रव्य) जोडून मर्कॅप्ट्युरिक आम्लांच्या रूपात बाहेर टाकतं, आणि त्यांतला बराच भाग एक-दोन दिवसांत निघून जातो. गेल्या तीन-चार महिन्यांचं हवं असेल तर रक्त. अ‍ॅक्रिलामाइड आणि यकृतात त्यापासून बनणारं ग्लायसिडामाइड हिमोग्लोबिनच्या टोकावरच्या व्हॅलिन या अमिनो आम्लाला चिकटतं आणि लाल पेशी मरेपर्यंत, साधारण 120 दिवस, सुटत नाही. दोन्हींचे असे हिमोग्लोबिनला चिकटलेले अंश, म्हणजे जोड, मोजून घ्या. डीएनएला इजा करतं ते मुख्यतः ग्लायसिडामाइड, आणि ते किती बनतं हे माणसागणिक बदलतं.

लघवी शिफ्ट संपल्यावर घ्या, पण कपडे बदलून, हात साबणाने धुऊन, कामाच्या जागेपासून लांब. सोबत क्रिएटिनिन (लघवी किती दाट ते सांगणारं द्रव्य) मोजायला सांगा, नाहीतर दिवसभर पाणी न प्यायलेल्याची दाट लघवी आकडा फुगवते.

रक्त जांभळ्या टोपणाच्या, रक्त साकळू न देणाऱ्या ईडीटीए नळीत घ्या. सेंट्रिफ्यूज करून प्लाझ्मा काढा आणि लाल पेशी सलाइनने तीनदा धुवा. मगच गोठवा. न धुता गोठवलं तर पेशी फुटतात आणि मग धुवायला काही उरत नाही. पुढचं एडमन विघटन (जोड असलेलं व्हॅलिन तोडून वेगळं करणं) आणि मास स्पेक्ट्रोमेट्री (वस्तुमानावरून ते ओळखून मोजणं) हे प्रयोगशाळेचं काम.

बिडी-सिगारेटचं अवश्य विचारा, पण मुकादमासमोर नको. तिथे उत्तर ‘नाही’च येतं. धूम्रपानाने जोड दुप्पट-तिप्पट, कधी त्याहून जास्त दिसतात. शंका असेल तर कोटिनिन, म्हणजे निकोटिनपासून शरीरात बनणारं द्रव्य, तपासा.

आणि ज्यांचा त्या कामाशी काहीच संबंध नाही अशांचेही नमुने घ्या. 1997 मध्ये दक्षिण स्वीडनच्या हॅलंडसोस बोगद्यात गळती बुजवायला अ‍ॅक्रिलामाइड असलेलं रसायन भरलं. ते पाण्यात उतरलं, मासे मेले, गायींचे पाय लुळे पडले. कामगारांचं रक्त तपासताना तुलनेसाठी घेतलेल्या बाहेरच्या माणसांतही जोड सापडले! त्याचा माग काढत स्टॉकहोम विद्यापीठातला मार्गारेटा टॉर्नक्विस्त यांचा गट तळलेल्या-भाजलेल्या खाण्यापर्यंत पोचला, आणि एप्रिल 2002 मध्ये ते जगाला कळलं. चिवडा-वेफर्स खाणाऱ्या आपल्या कुणाचाही आकडा शून्य येणार नाही, तो यामुळेच.

बोगद्याच्या त्या 210 कामगारांत जोडांचे आकडे प्रति ग्रॅम ग्लोबिन (हिमोग्लोबिनमधलं प्रथिन) 0.02 ते 17.7 नॅनोमोल होते, 0.51 च्या खाली पायांच्या बधिरतेशी संबंध दिसला नाही. हा आकडा मज्जातंतूंपुरताच धरा, कॅन्सरची हमी म्हणून वापरू नका.

आकडा चढा आला तर माणसाला घरी बसवू नका. हातमोजे, मिसळण्याची पद्धत, जेवायची जागा बदला आणि चार महिन्यांनी पुन्हा रक्त घ्या. जुन्या लाल पेशी तोवर गेलेल्या असतात, त्यामुळे तेव्हा जे सापडेल ते बदलानंतरचंच.