घरच्या माणसांचे फोटो काढताना या चुका टाळा

लग्नाच्या ऑर्डरीवर पोट भरतं, पण माझे स्वतःचे आवडते फोटो कोणते असं विचाराल तर मायचे, आबाजीचे, पोळ्याला बैलाच्या शिंगांना रंग देत बसलेल्या दोस्ताचे. म्हणून गावातल्या पोट्ट्यांच्या मोबाईलमधे घरचे फोटो पाहतो तेव्हा जीव तुटतो, माणूस समोर एवढं देखणं बसलेलं असतं अन् फोटोत भलतंच कोणी दिसतं. चुका ठरलेल्या आहेत, बहुतेक मोबाईलवरच सुधारतात.

पहिली चूक उन्हाची. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, तरी लोकं भर दुपारी माणसाला आंगणात उभं करतात, का तर उजेड भरपूर आहे. ऊन डोक्यावर असलं की डोळ्याच्या खोबणीत काळं, नाकाची सावली ओठावर, अन् डोळे तर उघडतच नाहीत. त्याच माणसाला ओसरीत न्या, दारापासून दोन पावलं आत बसवा, तोंड उजेडाकडे. आंगणातलं ऊन जमिनीवरून उसळून आत येतं ते मऊ होऊन येतं, अन् नीट पाहिलं तर डोळ्याच्या बुबुळात दाराची छोटी पांढरी चौकट चमकते, तिच्यानं चेहऱ्यात जीव येतो. तुम्ही मात्र दार अडवून उभे राहू नका, बाजूला सरका. एक गाल फारच अंधारात जात असला तर त्या बाजूनं कोणाला तरी पांढरं धोतर धरून बसवा, फरक लगेच दिसेल.

मोबाईल तोंडाजवळ नेऊ नका. त्याची साधी लेन्स २४ ते २८ एमएमच्या आसपासची, म्हणजे वाईड, खूप रुंद पाहणारी (एमएमचा आकडा जितका लहान तितकं रुंद), जवळून काढला की नाक मोठं अन् कान मागे पळालेले. चार-पाच हात मागे व्हा, झूम २एक्स, म्हणजे दुप्पट, करा. लेन्स बदलता येणारा मोठा कॅमेरा, डीएसएलआर, असेल तर ५० एमएमची स्वस्तातली लेन्स घ्या, लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यावर (क्रॉप बॉडी) ती ७५-८० सारखी पडते, चेहऱ्यासाठी मस्त.

कापूस वेचणीच्या दिवसात वावरात काढलेले फोटो काळे येतात ही तक्रार लय ऐकतो. पांढरी टोपी, पांढरं धोतर, मागे फुटलेली पऱ्हाटी, अन् मधे उन्हानं रापलेला चेहरा. कॅमेरा अख्ख्या फ्रेमचा उजेड मधला करडा करायला जातो, पांढरं जास्त दिसलं की सगळंच अंधारतो, मग चेहऱ्याचा कोळसा होतो. स्क्रीनवर चेहऱ्यावर बोट दाबून ठेवा, लॉक झालं की सूर्याचं चिन्ह थोडं वर सरकवा, टोपी उजेडात जराशी पांढरीफट झाली तरी चालेल पण चेहरा पाहिजे.

ब्युटी मोड बंद करा. आजीच्या कपाळावरचं हिरवं गोंदण तो डाग समजून पुसतो, डोळ्याच्या कडेच्या सुरकुत्या सपाट करतो, आणि लोकं म्हणतात वा काय क्लिअर आला. अरे पण आजी कुठं गेली त्यात? मागचं धूसर करणाऱ्या पोर्ट्रेट मोडचंही जपून, पदराची किनार अन् चष्म्याची काडी खाऊन टाकतो, झूम करून तपासा.

कॅमेरा दिसला की आपली माणसं झेंडावंदनाला उभी असल्यासारखी ताठ होतात. हसा म्हणू नका, हातात काम द्या. सुपात तूर निवडायला लावा, अन् "बाबा, औंदा भाव काय लागला?" एवढं विचारा, मग चेहऱ्यावर जे येतं ते टिपा. लहान पोरं एका जागी राहत नाहीत, तिथं शटर, म्हणजे फोटो टिपायला लागणारा वेळ, सेकंदाच्या १/२५० पेक्षा हळू नको.

थोडा हललेला फोटो लगेच डिलीट करायची पण घाई असते. कलकत्त्यात १८१५ मधे जन्मलेल्या ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉन या फोटोग्राफर बाईला ४८ व्या वर्षी लेकीनं अन् जावयानं कॅमेरा भेट दिला, तिनं घरच्यांचे, मैत्रिणींचे, कामवाल्या बायांचे फोटो काढले, फोकस नरम, म्हणजे फोटो जरा धूसर, म्हणून तेव्हा टीका झाली, पण आज तेच फोटो म्युझियममधे आहेत. भाव आला असेल तर ठेवा.

आता सगळ्यात जीवावर येणारी गोष्ट. घरात कोणी गेलं की पोरं येतात, हातात आधार कार्ड, "भाऊ, एवढाच फोटो हाय, मोठा करून द्या." तेवढ्याशा फोटोतून मी काय काढणार? माणूस धडधाकट आहे तोवर एक चांगला फोटो काढून ठेवा, हारासाठी म्हणून नाही, आता घरात लावायला म्हणून. प्रिंटसाठी व्हॉट्सॲपवर साधा पाठवू नका, तो फोटो दाबून बारीक करतो, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. ३०० डीपीआयला, म्हणजे इंचाला ३०० ठिपके धरून, ४ बाय ६ इंचासाठी १२०० बाय १८०० पिक्सेल लागतात, ८ बाय १२ साठी २४०० बाय ३६००. मागच्या बाजूला पेन्सिलनं नाव अन् साल लिहा, अन् फ्रेम चुलीच्या किंवा थेट ऊन पडणाऱ्या भिंतीवर टांगू नका, रंग उडतात.