खलबत्ता घेऊन परिषदेला जा

कायदा, साहित्य, अर्थशास्त्र आणि सार्वजनिक धोरण यांना एका मांडवाखाली आणणाऱ्या परिषदेत मी पहिला पेपर वाचला, तेव्हा पंधरापैकी नऊ मिनिटं व्याख्यांतच गेली. सत्राध्यक्षांनी 'दोन मिनिटं' लिहिलेली चिठ्ठी सरकवली तेव्हा मी बावीसपैकी सहाव्या स्लाइडवर होते. प्रश्न एकच आला : "म्हणजे तुमचा मुद्दा काय?"

तेव्हापासून मी आधी खटला निवडते, सिद्धान्ताचं मागाहून बघते. अशा सभागृहात प्रत्येकजण तुमच्या निम्म्याअधिक विषयात परका असतो. सगळ्यांना धरता येईल अशी एक वस्तू लागते.

माझी आवडती वस्तू म्हणजे खलबत्ता. १८७९ सालचा इंग्लंडमधला 'स्टर्जेस विरुद्ध ब्रिजमन' हा खटला घ्या. एक मिठाईवाला वीसहून अधिक वर्षं आपल्या स्वयंपाकघरात खलबत्ते चालवत होता. शेजारी राहायला आलेल्या डॉक्टरला आठ वर्षं काही त्रास झाला नाही. मग त्याने बागेच्या टोकाला, त्या स्वयंपाकघराला लागूनच, तपासणीची खोली बांधली आणि त्याला रोग्यांच्या छातीचे आवाज नीट ऐकू येईनात. कोर्टाने मनाईहुकूम डॉक्टरच्या बाजूने दिला.

अर्थशास्त्रज्ञ रोनाल्ड कोस यांनी १९६० च्या एका लेखात हाच खटला घेतला. त्यांचं म्हणणं असं, की आवाजाचा त्रास एकट्या मिठाईवाल्याचा नाही, दोघं जवळ आले म्हणून तो आहे. आणि सौदा करायला काहीच खर्च येत नसेल, तर निकाल कुणाच्याही बाजूने लागो, दोघं बोलणी करून जागेचा जो वापर जास्त मोलाचा, तोच टिकवतील. अर्थशास्त्रवाले इथे खूश होतात. साहित्यवाल्यांना विचारा, गोष्ट कुठून सुरू करायची : खलबत्त्यापासून की नव्या खोलीपासून? सुरुवात बदलली की आगंतुक कोण, तेही बदलतं. धोरणवाले विचारतील, दोन घरांऐवजी अख्खी वस्ती आणि एक कारखाना असता तर बोलणी कोण करणार? झाला पेपर.

गोषवाऱ्यात पहिलं वाक्य खटल्याचं, दुसरं तुमच्या दाव्याचं. 'आंतरविद्याशाखीय' हा शब्द टाळा. परिषदेच्या नावात तो बहुधा असतोच. घरी घड्याळ लावून मोठ्याने वाचा, बारा मिनिटांत संपवा. स्लाइड चार पुरे.

प्रश्नोत्तरांत कुणीतरी "आकडेवारी कुठे आहे?" म्हणणारच. पुरावा निकालपत्राच्या मजकुरात असेल, तर तसं सरळ सांगा आणि परिच्छेद वाचून दाखवा. म्हणून निकालपत्राची छापील प्रत, खुणा करून, जवळ ठेवा. मी एकदा ती फोनवर शोधत बसले होते. सापडेपर्यंत सत्राध्यक्षांनी पुढच्या वक्त्याचं नाव पुकारलं.