नवीन ब्राउझर टाकला अन् विंडोजचं अपडेट अडलं? फॉरमॅट मारण्याआधी हे करून पाहा

"भाऊ, नवीन क्रोम टाकलं अन् तवापासून विंडोज अपडेटच होऊन नाही राह्यलं. फॉरमॅट मारून द्या."

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी कॉम्प्युटर दुरुस्तीचं काम करतो. हे वाक्य महिन्यातून चार-पाचदा तरी कानावर येतं. सेवा केंद्र चालवणारी पोरं येतात, ग्रामपंचायतीचे ऑपरेटर येतात, कृषी केंद्राचे मालक येतात. कुणी सीपीयू पोत्यात गुंडाळून मोटारसायकलवर तीस किलोमीटर आणतं. मी फॉरमॅटला लगेच हो म्हणत नाही. फॉरमॅट म्हणजे डेस्कटॉपवरचे गिऱ्हाइकांचे कागद, फिंगरप्रिंट मशीनचे ड्रायव्हर, प्रिंटरची सेटिंग आणि साठवलेले पासवर्ड, सगळं नव्यानं बसवायचं. दोन दिवस दुकान बंद राहतं. बहुतेक वेळा त्याची गरज नसते.

ब्राउझर बदलला म्हणून विंडोजचं अपडेट का अडावं? विंडोज एक्सपीच्या काळात अपडेटचं पानच इंटरनेट एक्स्प्लोररमध्ये उघडायचं, त्यामुळे ब्राउझर बिघडला की अपडेटही थांबायचं. लोकांच्या मनातला संशय तिथून आलेला आहे. व्हिस्टापासून, म्हणजे २००७ नंतर, अपडेटची यंत्रणा ब्राउझरपासून वेगळी झाली. तरी दोघांच्या काही गोष्टी आजही सामाईक आहेत: घड्याळ, नेट आणि सी ड्राइव्हवरची जागा. एका विहिरीवर दोन मोटारी बसवल्या आणि पाणी आटलं तर दोन्ही मोटारी कोरड्या चालतात, तसंच हे आहे. म्हणून आधी विहीर पाहायची.

आधी स्क्रीनवरचा कोड लिहून घ्या

स्टार्ट, सेटिंग्ज, अपडेट अँड सिक्युरिटी, विंडोज अपडेट इथे जा. विंडोज ११ असेल तर सेटिंग्जमध्ये डाव्या यादीत सगळ्यात खाली विंडोज अपडेट आहे. अपडेट फेल झालं असेल तर तिथे आकडे आणि इंग्रजी अक्षरं मिसळलेला लांब कोड दिसतो. मोबाइलनं त्याचा फोटो काढून ठेवा. मला फोन करणारे "काहीतरी एरर आलं" एवढंच सांगतात, आणि त्यावरून कुणालाच काही कळत नाही.

कोडची शेवटची अक्षरं पाहा. शेवटी "२एफ८एफ" असेल तर घड्याळाकडे वळा. "२ईई२" असेल तर नेट मध्येच तुटतंय. "४०२सी" असेल तर प्रॉक्सी (नेट दुसऱ्याच सर्व्हरमधून फिरवून आणणारी सेटिंग) किंवा नेटच्या सेटिंगचा घोळ आहे. "००७०" म्हणजे जागा संपली. "३७१२" म्हणजे विंडोजच्याच काही फाइली खराब झाल्या आहेत. कोड मिळाला की अर्धं काम झालं.

शटडाउन नको, रीस्टार्ट करा

हे ऐकून बरेच जण म्हणतात, "रोज तर बंद करतो ना भाऊ." विंडोज १० आणि ११ मध्ये फास्ट स्टार्टअप नावाची सोय असते. ती चालू असली की शटडाउन केल्यावर मशीन पूर्ण बंद होत नाही, आतली काही स्थिती जपून ठेवते आणि सकाळी तिथूनच उठते. रीस्टार्ट केलं तरच सगळं नव्यानं सुरू होतं. नव्या ब्राउझरची किंवा एखाद्या जुन्या अपडेटची शेवटची पायरी रीस्टार्टसाठी खोळंबलेली असेल तर पुढचं अपडेट रांगेत उभं राहतं. क्रोम पूर्ण बंद करा, रीस्टार्ट करा, दहा मिनिटं थांबा आणि मग चेक फॉर अपडेट्स दाबा. बोर्डावरचं बटण दाबून मशीन बंद करायची सवय असेल तर ती आजच सोडा. अपडेट बसताना लाइन गेली की काय होतं ते आपण पाहतोच, मग आपल्याच हातानं लाइन कशाला घालवायची?

घड्याळ पाहा, आणि मशीनची बॅटरीही

मागच्या उन्हाळ्यात एक ताई सीपीयू घेऊन आल्या. नवीन क्रोम टाकल्यावर एकही साइट उघडत नव्हती, "तुमचं घड्याळ मागे आहे" अशा अर्थाचं पान यायचं. विंडोज अपडेटही फेल जात होतं. त्यांनी क्रोम काढून पुन्हा टाकलं होतं, तेही दोनदा. मी मशीन चालू केलं आणि उजव्या कोपऱ्यातली तारीख पाहिली, तर कित्येक वर्षं मागची १ जानेवारी.

साइट आणि अपडेटचा सर्व्हर खरे आहेत की नाही हे मशीन त्यांच्या प्रमाणपत्रावरून ठरवतं, आणि प्रमाणपत्राला मुदत असते. मशीनची तारीख चुकली की खरं प्रमाणपत्रही खोटं ठरतं. ब्राउझर आणि अपडेट दोघंही दार लावून घेतात. ताईंच्या गावात दिवसातून तीन-चारदा लाइन जायची आणि प्रत्येक वेळी तारीख मागे पडायची, कारण मदरबोर्डवरची बॅटरी मेली होती.

ही बॅटरी बदलणं घरी जमण्यासारखं आहे. प्लग काढा, पॉवरचं बटण पाच-सात सेकंद दाबून धरा, म्हणजे उरलेला करंट निघून जातो. सीपीयूचं बाजूचं झाकण उघडा. आपल्याकडच्या कापसाच्या दिवसांत आत धुळीचा आणि रुव्याचा थर असतो, तो कोरड्या ब्रशनं हळूच झाडा. मदरबोर्डवर रुपयाच्या नाण्यासारखी चपटी चकती दिसेल, तिच्यावर "सीआर २०३२" असं छापलेलं असतं. बाजूची छोटी पट्टी नखानं मागे ढकलली की चकती टुणकन वर येते. नवी बसवताना अधिकची खूण वर ठेवा आणि टक आवाज येईपर्यंत दाबा. मग मशीन चालू करून सेटिंग्जमध्ये टाइम अँड लँग्वेजखाली तारीख, वेळ आणि भारताचा टाइम झोन नीट करा, सिंक नाऊ दाबा. ताईंचं क्रोम तिथेच उघडलं, आणि अपडेट संध्याकाळपर्यंत बसलं.

नेट: हॉटस्पॉट, मीटर्ड आणि प्रॉक्सी

खेड्यात बहुतेक केंद्रं मोबाइलच्या हॉटस्पॉटवर चालतात. डेटा वाचावा म्हणून कुणीतरी कधीतरी ते कनेक्शन मीटर्ड करून ठेवलेलं असतं. मीटर्ड असेल तर विंडोज बरीचशी अपडेट उतरवतच नाही, पण ब्राउझर आपलं नवं व्हर्जन खुशाल घेतो. म्हणून वाटतं की ब्राउझर आला आणि अपडेट गेलं. सेटिंग्ज, नेटवर्क अँड इंटरनेटमध्ये आपल्या वायफायच्या प्रॉपर्टीज उघडा आणि सेट ॲज मीटर्ड कनेक्शन बंद करा. डेटा किती उरलाय ते आधी पाहून घ्या, कारण एकेक अपडेट शेकडो एमबीचं असू शकतं.

तिथेच प्रॉक्सी नावाचं पान आहे. आपल्या गावात प्रॉक्सीचं काही काम नसतं, त्यामुळे यूज अ प्रॉक्सी सर्व्हर चालू दिसलं तर बंद करा. फुकटचा व्हीपीएन किंवा एखादं एक्स्टेन्शन हे मागल्या दारानं चालू करून ठेवतं. फायरफॉक्समध्ये प्रॉक्सीची सेटिंग वेगळी ठेवता येते, म्हणून फायरफॉक्स धडधडीत चालतो आणि विंडोज अपडेट अडतं, असंही पाहायला मिळतं.

जागा करा, पण डाउनलोड्सला हात लावू नका

सी ड्राइव्हवर निदान दहा जीबी मोकळी ठेवा. सेटिंग्ज, सिस्टम, स्टोरेज, टेम्पररी फाइल्स इथे विंडोज अपडेट क्लीनअप आणि टेम्पररी फाइल्सवर टिक करा. याच यादीत डाउनलोड्स नावाची चौकट आहे, तिच्यावर टिक नको. गिऱ्हाइकांचे सातबारा, पावत्या आणि अर्जांच्या पीडीएफ तिथेच पडलेल्या असतात. घाईत सगळ्या चौकटींवर टिक करून महिन्याभराच्या पावत्या घालवलेला एक पोरगा माझ्यासमोर रडवेला होऊन बसला होता.

अपडेटचा अडकलेला साठा काढा

इतकं करून जमलं नाही तर विंडोजचा स्वतःचा ट्रबलशूटर, म्हणजे बिघाड शोधून दुरुस्त करणारं साधन, चालवा. विंडोज १० मध्ये तो अपडेट अँड सिक्युरिटीखाली ट्रबलशूट, ॲडिशनल ट्रबलशूटर्समध्ये आहे, ११ मध्ये सिस्टमखाली ट्रबलशूट, अदर ट्रबलशूटर्समध्ये. विंडोज अपडेट निवडा आणि रन करा.

तरीही नाही? मग अर्धवट उतरलेल्या फाइली हातानं काढाव्या लागतात. स्टार्टमध्ये सर्व्हिसेस टाइप करून ती खिडकी उघडा, यादीत विंडोज अपडेट शोधा, राइट क्लिक करून स्टॉप करा. आता सी ड्राइव्ह, विंडोज, सॉफ्टवेअर डिस्ट्रिब्यूशन, डाउनलोड या फोल्डरमध्ये जा. आतलं सगळं डिलीट करा, फोल्डर मात्र राहू द्या. या फोल्डरमध्ये फक्त अपडेटचा माल असतो, तुमच्या फाइली नसतात. सर्व्हिस परत स्टार्ट करा, रीस्टार्ट मारा, पुन्हा चेक करा. डाउनलोड होताना लाइन किंवा नेट गेलेल्या मशीनला माझ्या अनुभवात याच पायरीनं सगळ्यात जास्त गुण येतो.

कोड "३७१२" असेल तर स्टार्टमध्ये सीएमडी टाइप करा आणि रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटरनं उघडा. एस, एफ, सी ही तीन इंग्रजी अक्षरं लिहा, एक जागा सोडा, प्रश्नचिन्हाच्या बटणावरचा स्लॅश द्या आणि त्याला चिकटून स्कॅन व नाऊ हे शब्द मध्ये जागा न सोडता लिहून एंटर मारा. जुन्या मशीनवर याला अर्धा तासही लागतो. मध्ये बंद करू नका.

ब्राउझर खरोखर दोषी असतो तेव्हा

पहिला प्रकार धोक्याचा आहे. एखादी साइट पाहताना "तुमचा ब्राउझर जुना झाला, इथून अपडेट करा" असं मोठं पान येतं आणि माणूस फाइल उतरवून चालवतो. ती फाइल ब्राउझर नसून व्हायरस असते, आणि असे व्हायरस विंडोज अपडेट व डिफेंडर (विंडोजचा स्वतःचा अँटिव्हायरस) मुद्दाम बंद पाडतात. क्रोमचं खरं अपडेट उजवीकडच्या तीन टिंबांत, हेल्प, अबाउट गुगल क्रोम इथेच होतं. शंका असेल तर नेट तोडा, विंडोज सिक्युरिटीमध्ये स्कॅन ऑप्शन्स उघडा आणि मायक्रोसॉफ्ट डिफेंडर ऑफलाइन स्कॅन चालवा. मशीन रीस्टार्ट होऊन साधारण पंधरा मिनिटं तपासणी करतं. बँकेचे आणि पोर्टलचे पासवर्ड दुसऱ्या, स्वच्छ मशीनवरून बदला.

दुसरा प्रकार सेवा केंद्रांना छळतो. फिंगरप्रिंट मशीन दिसत नाही आणि दोष विंडोज अपडेटवर जातो. ऑक्टोबर २०२५ मध्ये आलेल्या क्रोम १४२ पासून एखाद्या साइटला तुमच्या मशीनमधल्या किंवा घरच्या नेटवर्कवरच्या यंत्रणेशी बोलायचं असेल तर क्रोम आधी परवानगी विचारतो. आधारच्या फिंगरप्रिंट मशीनची आरडी सर्व्हिस, म्हणजे ते यंत्र चालवणारं सॉफ्टवेअर, ब्राउझरशी अशीच मशीनच्या आतून बोलते. घाईत ब्लॉक दाबलं गेलं की यंत्र मुकं होतं. त्या पोर्टलच्या पत्त्याच्या डावीकडच्या चिन्हावर क्लिक करा, साइट सेटिंग्जमध्ये लोकल नेटवर्क ॲक्सेसला अलाउ करा. ही परवानगी फक्त ओळखीच्या सरकारी किंवा बँकेच्या पोर्टललाच द्यायची.

मशीनचंच वय झालं असेल तर

विंडोज ७ वर क्रोम १०९ हे शेवटचं व्हर्जन, त्यापुढचं बसतच नाही. विंडोज ७ ची सर्वसाधारण सुरक्षा अपडेट १४ जानेवारी २०२० लाच थांबली. त्यावर अपडेट शोधण्यात दिवस घालवू नका. विंडोज १० चा सर्वसाधारण सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. म्हणून १० वर अपडेट येत नसेल तर तो बिघाड असेलच असं नाही. घरगुती मशीनसाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतच्या वाढीव सुरक्षा अपडेटची सोय मायक्रोसॉफ्टनं ठेवली. त्यासाठी व्हर्जन २२एच२ आणि मायक्रोसॉफ्ट अकाउंट लागतं, आणि नोंदणी विंडोज अपडेटच्या पानावरूनच होते. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही मशीनमधली सुरक्षेची सोय लागते, तेव्हा सेकंडहँड मशीन घेताना ते आधी विचारा.

सगळं करून हरलात तरीही फॉरमॅट शेवटीच. आधी मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून मीडिया क्रिएशन टूल घ्या, आठ जीबीचा पेनड्राइव्ह बनवा आणि चालू विंडोजमधूनच त्यातला सेटअप उघडा. तो विचारेल तेव्हा फाइल्स आणि ॲप्स ठेवण्याचा पर्याय निवडा. विंडोज नव्यानं बसतं आणि तुमचं सामान जागेवर राहतं. तरी आधी कागदपत्रांची एक प्रत दुसऱ्या पेनड्राइव्हवर काढून ठेवाच.

हे काम जुलैअखेरच्या पीकविम्याच्या गर्दीत काढू नका. रविवारी दुपारी, इन्व्हर्टर भरलेला असताना बसा. अपडेट बसल्यावर अपडेट हिस्टरी उघडून सक्सेसफुली इन्स्टॉल्ड असं आलंय का ते पाहा. मग आपलंच बोट फिंगरप्रिंट मशीनवर ठेवून एकदा तपासा, एक प्रिंट काढा, आणि सोमवारी सकाळी शटर उघडा.